वहीतलं जुनं माप

बोर्ली पंचतनच्या बाजारातले ते शिंपीकाका बोलतात कमी, कारण तोंडात कायम टाचण्या. माप मात्र प्रत्येकाचं वहीत लिहितात, अगदी उशीच्या अभ्र्याचंसुद्धा.

रक्ताच्या कॅन्सरचे उपचार घेऊन माझी मुलगी मुंबईहून घरी आली, तेव्हा भेटेल तो माणूस डॉक्टर झाला होता. मला वीट आला होता. शाळेचा गणवेश तिच्या अंगावर नुसता लोंबत होता, म्हणून तिला काकांकडे नेलं. त्यांनी आजाराचं काही विचारलं नाही. तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडेही पाहिलं नाही. "हात वर कर गो बाय," म्हणाले आणि कमरेला टेप लावली.

वही मात्र उघडली नाही. मला वाटलं, विसरले.

"काका, माप लिहून ठेवा ना."

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "पोरीचं माप हाय वहीत, गेल्या वर्षाचं. दुसरं लिवायची गरज न्हाय."

चार दिवसांनी गणवेश आणला. अंगाला नेमका बसला. घरी उलटा करून पाहिला, तर कापड कुठेच कापलेलं नव्हतं. जास्तीचं सगळं आत दुमडून, वर कच्चा दोरा घातला होता, ओढला की सुटेल असा.