बायनाबाईनं मोटार न्हाऊ घातली

आमच्या पालीत माझ्या वयाचा एकही माणूस असा नाही, ज्याला बायनाबाईनं रडवलं नाही. ती गावची सुईण. बाळ न्हाऊ घालताना असं रगडायची की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं. बाळानं टाहो फोडला की मात्र बाई खूश. निजामाचा अंमल होता, बीडला सरकारी दवाखाना होता, पण आमच्या बायकांना बायनाबाईच लागायची. मलाही तिनंच रगडलंय, आणि माझं नाक चपटं आहे ते तिच्याच अंगठ्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

थंडीनं हरभरा करपला त्या वर्षीची गोष्ट. पहाटे तिचा जावई बंकट शिरूरहून घोडा दामटत आला. मुक्ताला, म्हणजे बायनाबाईच्या लेकीला, कळा सुरू झाल्या होत्या. मुक्ताचं पहिलं बाळ दुसऱ्या सुईणीच्या हातावर न रडताच गेलं होतं. त्या वेळी बायनाबाईची बैलगाडी उशिरा पोचली. गावभरची पोरं जगवली आणि स्वतःच्या नातवाला मुकली, हे तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

या खेपेला ती बैलगाडीकडे फिरकलीच नाही, तडक सुंदरराव देशमुखांच्या दारात गेली. गावात मोटार त्यांचीच. सुंदररावांची नाही म्हणायची टाप नव्हती, तेही तिच्याच हातचे. त्यांनी ड्रायव्हर इलियासला उठवलं.

इलियास बाहेर येऊन बघतो तर मोटारीच्या पुढच्या काचेवर दव गोठून बसलेलं, चुन्याचा हात दिल्यासारखं. काच वर उचलायची सोय होती, पण बिजागरी गंजून गेलेली. त्यानं नखांनी खरवडून पाहिलं, फडक्यानं घासलं आणि शेवटी बोटं काखेत घालून उभा राहिला. कढत पाणी ओतलं तर काच तडकेल, आणि सिंदफणेच्या काठचा रस्ता आंधळ्यासारखा चालवायला आपण तयार नाही, तेव्हा उन्हं येईपर्यंत थांबू, असं त्यानं सांगून टाकलं.

"उन्हं येईस्तोवर मुक्ताच्या कळा थांबणार हाईत का?" बायनाबाई म्हणाली आणि तिनं आपलं बाळंतपणाचं गाठोडं सोडलं.

बाईला एकच काम येत होतं, तेच तिनं केलं. आधी काचेला कोमट तेल चोळलं. इलियासनं कपाळावर हात मारून घेतला, कारण आता काच पांढरी तर होतीच, वर बुळबुळीत झाली. पण बाई ऐकते कुठं! तेलावर डाळीचं पीठ लावून तिनं खसाखसा रगडलं. मग कोपर बुडवून पाहिलेलं कोमट पाणी घातलं. चुलीवर मीठ तापवून त्याची पुरचुंडी बांधली आणि काचेला कडेकडेनं शेक दिला. राहिलेला बर्फ मिठानं सुटला. जुन्या लुगड्याच्या चिंधीनं तिनं काच कोरडी केली, तेव्हा इलियासला आतून देशमुखांचं दार दिसलं. त्यानं हँडल फिरवलं. मोटार खोकली आणि मग जोरात ओरडली.

"रडली. चला आता," बायनाबाई म्हणाली.

घोडा देशमुखांकडे बांधून बंकटही मोटारीत बसला. वाटेत काच धुरकटली की बायनाबाई बाहेर हात काढून शेक द्यायची. एरवी पुरचुंडी पायाशी ठेवायची, तिथं इंजिनाची ऊब लागत होती.

शिरूरला पोचल्यावर थोड्याच वेळात मुक्ता मोकळी झाली. मुलगी झाली, पण रडेना. बाहेर बंकट मातीकडे बघत बसला. इलियास मोटारीपाशी उभा होता. आत बायनाबाई बाळाला चोळत होती आणि त्याच पुरचुंडीनं पाठ शेकत होती. मग आतून असा टाहो फुटला की इलियासला राहवलं नाही. त्यानं मोटारीचा भोंगा दाबला आणि दाबतच राहिला. सगळी आळी गोळा झाली.

बायनाबाई बाहेर आली. डोळे वाहत होते आणि बोटाला काजळ होतं. मोटारीजवळ जाऊन तिनं काचेच्या कोपऱ्यात तीट लावली.

"मावशी, हे कावून?" इलियासनं विचारलं.

"अरं, ह्या थोरलीला आधी न्हाऊ घातलं म्हणून धाकटी हाती लागली," ती म्हणाली. "हिला दिष्ट लागू देऊ का?"