आईचे गुडघे, दुसरीचा वर्ग

आमच्या गावात, सानगडीत, गुडघेदुखीवरच्या व्यायामाच्या आमच्या संशोधनाचं काम सुरू झालं आणि पहिलाच नियम माझ्या मुळावर आला: घरच्या माणसाला आपण व्यायाम शिकवायचा नाही. फिजिओथेरपिस्ट मी, आई माझी, धानाची रोवणी करकरून झिजलेले गुडघे तिचे, आणि तिचं नाव गेलं माझ्या सहकारी मुलीच्या वर्गात.

इतकी वर्षं मी आईला विनवत होते. मांडीचा व्यायाम कर म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काहून वं, दिवसभर वाकतो थे कमी हाये का?" आता मात्र चहा ठेवला की पाय लांब करून मांड्या आवळत बसायची. वर मलाच शिकवायची, "माही मॅडम म्हणते, श्वास रोखाचा नाही." तिची मॅडम! माझ्याहून लहान, माझ्याच कॉलेजातली. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

औषधाच्या चाचणीत बरं असतं. गोळी कुणीही दिली तरी ती गोळीच. व्यायाम मात्र शिकवणाऱ्यागणिक बदलतो. कुणी एखादा प्रकार गाळते, कुणी दया येऊन मालिश करून देते, मग गुण कशानं आला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून आम्ही एकमेकींचे वर्ग कोपऱ्यात बसून बघायचे आणि सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय का ते संशोधन चालवणाऱ्या सरांना कळवायचं. तिचा वर्ग माझ्या वाट्याला आला तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढी लाडकी आहे, म्हणजे नक्की गुडघे चोळून देत असणार!

समाजमंदिरात जाऊन बसले. एक चूक सापडेल तर शपथ. बायका अगदी शिस्तीत. आई पहिल्या रांगेत, हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठली. घरी उठताना तिला माझा खांदा लागतो.

परतताना माझ्या गाडीवर मागे बसून तिनं विचारलं, "काय सांगशील सरले?"

"पाहिलं ते."

"मंग चांगलंच सांगशील. काल साऱ्या बायाईले आंगणात बोलावलं, सारं करून घेतलं. म्हटलं, माही पोरगी येऊन राहिली, भलती कडक हाये. एखादीनं हात टेकला तं त्या लेकराची नोकरी जाईन."

गाडी कशी चालवली माझं मला माहीत. माझ्यापासून वाचवायला निघाली होती तिला, माझीच आई!

घरी पोचल्यावर सरांना फोन केला. "आजचं धरू नका. बायकांची आधी तालीम झाली होती. न कळवता पुन्हा बघावं लागेल."

"तालीम कुणी घेतली? तिनं?"

"नाही सर. माझ्या आईनं."

आईनं दारातून सगळं ऐकलं. दोन दिवस माझा चहा मलाच करून घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेले तू नको येजो."