मन वर ठेवलं, तर वर डक्ट

"खलास! खलास!" टेबलाशी उभा असलेला ओमानी टेक्निशियन ओरडला आणि दाराबाहेरून माझ्या बायकोची, फिलोमिनाची, किंकाळी आली. वसईपर्यंत ऐकू गेली असणार. "अहो फादर, गेले हो हे!"

मीही गेलो असंच धरून चाललो. अरबीत खलास म्हणजे झालं, काम आटोपलं. इथे ओमानात, वादी कबीरच्या एसी वर्कशॉपमध्ये मी स्वतः हा शब्द दिवसातून चारशे वेळा वापरायचो. पण टेबलावर आडवं झालं की माणसाची अरबी उतरते. उरतो आपला मुंबईचा खलास.

तीन दिवस आधी बौशरला गच्चीवर युनिट बसवताना छातीवर उंट बसला. एक नव्हे, अख्खा तांडा. ईसीजी झाला, रक्त दिलं, थांबून थांबून बाकाला माझा आकार आला. डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफी करू." म्हणजे जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि नस कुठे तुंबलीय ते पडद्यावर बघायचं. माणूस जागाच असतो. तुमच्यावर वेळ आली तर घाबरू नका. दुखतं थोडं, थंडी मात्र हिमालयाची.

माझी भीती वेगळीच होती. तिथेच गेलो, तर शेवटच्या क्षणी मनात कोण असेल? देव, की भलतंच काही? आमचे फादर दारापर्यंत आले होते. म्हणाले, "डॉमनिक, मन वर ठेव. बाकीचं सोड."

ठेवलं. 'नमो मारिया'ची प्रार्थना सुरू केली. वर बघतो तर एसीचा डक्ट, आणि आतून कर्र... कर्र... ब्लोअरचं बेअरिंग गेलेलं! सैतानाला हाकललं, पुन्हा सुरुवात केली. 'कृपापूर्णे'पर्यंत पोचलो की कर्र. बेल्टही ढिला असावा. मग मला माझंच नवल वाटायला लागलं. नळी हृदयात, डॉक्टर पडद्यात, आणि मी छतात पाना घेऊन! या मनाचं वायरिंग केलंय तरी कुणी? असा विचार चाललाय, तेवढ्यात खलास.

डॉक्टर वाकून म्हणाले, "एकच ब्लॉक आहे, लहानसा. गोळ्यांवर भागेल." फिलोमिनाने आत येऊन मला आधी चिमटा काढला, मग रडली. "जिवंत होतात तर आवाज द्यायचा ना!"

संध्याकाळी फादर वॉर्डात आले. मी सगळं कबूल केलं. "फादर, प्रभूच्या उंबरठ्यावर उभा होतो आणि डोक्यात बेअरिंग! नमो मारिया एकदासुद्धा पुरतं झालं नाही. अशा वेळी माणसाने प्रभूशी बोलायचं तरी काय?"

फादरांनी चष्मा पुसला.

"बेअरिंगचंच सांगायचं होतंस त्याला."