डाव्या पायाचा खर्ज

फोन आला तेव्हा मी अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. आमच्या चर्चचे पाळकसाहेब शाळेच्या वेळात कधीच फोन करत नाहीत, त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव पाहिलं आणि वर्गाबाहेर जाऊन फोन घेतला. "मनोरमाबाई, शांतवनदादा गेले..." ईस्टर होऊन आठवडाही उलटला नव्हता. खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. अजूनही येतो. चार बरे शब्द लिहा म्हणून सगळे मागे लागलेत, पण मी लिहिणार ते रागावूनच. दादांना माझी तीच भाषा ओळखीची होती.

दादा नगरकडचे, आमच्याच गल्लीतले; बायको, सरलावहिनी, तिकडेच राहिलेल्या. इथे मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. सहा दिवस जाड सेफ्टी शूज घालून सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं आणि रविवारी दुपारी आमच्या मराठी उपासनेला ऑर्गन वाजवायचा. चर्च एकच, मंडळ्या ढीगभर. मल्याळी बाहेर पडले की आम्ही आत, आणि आमचा शेवटचा आशीर्वाद होईतो फिलिपिनो मंडळी दारात हजर. ऑर्गन कुणी इंग्रज मंडळी मागे ठेवून गेलेली. त्याला हातांच्या पट्ट्यांखेरीज खाली पायांसाठी लाकडी पट्ट्या असतात. उजवीकडे वरचे सूर आणि डावीकडे, डाव्या पायापाशी, खोल खर्ज. गावाकडे जन्मभर पेटी वाजवलेल्या माणसाला हे घबाडच मिळालं. बूट काढून नुसत्या पायमोज्यांवर बसायचे आणि पाय असे फिरायचे, जणू अंधारात आपल्याच घरातून चाललेत. हौसेला मोल नाही म्हणतात, तशातली गत. त्यांनी कितीतरी मराठी गीतांना चाली लावल्या. त्यातल्या निम्म्या आम्ही बिघडवल्या, तरी कधी आवाज चढवला नाही.

त्यांचं वेड मात्र भलतंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रजी कॅथीड्रलमधले, म्हणजे मोठ्या चर्चमधले, ऑर्गनवादक कसे जगले, कसे मेले, हे ते रात्रंदिवस वाचायचे. "मनू, ती माणसं रिटायर होत नव्हती गं. बाकावरच जायची," एकदा सरावानंतर चहा पिताना म्हणाले, आणि हसले. "जिभेला काही हाड?" मी खेकसले.

मागच्या उन्हाळ्यात खर्जाचे सूर गळायला लागले. आधी एक, मग त्याच्या शेजारचा. आम्ही गात असायचो आणि मधेच खालून कुणी जमीन काढून घ्यावी तसं व्हायचं. दादा म्हणाले, "ऑर्गन म्हातारा झालाय." आमची कमिटी लगेच कामाला लागली. दुबईहून टेक्निशियन आला, त्याने एकेक पट्टी हाताने दाबून दाखवली. सगळ्या वाजल्या. "मॅडम, मशीन एकदम परफेक्ट है." आम्ही त्याच्यावरच उखडलो, चोर ठरवलं बिचाऱ्याला, आणि हट्टाने पट्ट्यांच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. दादा मागच्या बाकावर चहा घेऊन गप्प बसले होते. विचारलं तर म्हणाले, ईस्टरसाठी नवं गीत बांधायला घेतलंय, ते डोक्यात चाललंय. पुढच्या रविवारी खर्ज पुन्हा गळला.

नाताळानंतर एका सरावाला मला बाकाखाली फरशीवर ओले डाग दिसले. "दादा, हे रक्त कुणाचं?" "कुठंय?" म्हणून त्यांनी खाली पाहिलं... डावा पायमोजा भिजला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. शुगर जुनी होती. पायाची जाणीव गेली होती, बूट चावत होता, जखम आतल्या आत सडत होती. मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आत्ता काढू या. उशीर केलात तर पाय, आणि आणखी उशीर केलात तर... पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. दादा शांतपणे म्हणाले, "ईस्टर होऊ दे, डॉक्टर. इन्शाल्ला, लगेच येतो."

गाडीत मी तोंड सोडलं. बोटं मोठी की जीव मोठा? सरलावहिनींना मी काय सांगू? तर म्हणाले, "बोटं गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा खलास. गावी ऑर्गन आहे का, सांग. पेटीला पाय लागत नाहीत गं." वहिनींना त्यांनी फोनवर पाय बरा असल्याचं सांगून टाकलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक सरावाला हॉलमध्ये औषधाचा वास असायचा, आणि औषधाखाली दुसरा एक. कुणी बोलत नव्हतं. मी बोलत होते, पण ऐकतंय कोण?

ईस्टरला त्यांचं गीत झालं. आमचं गायनमंडळ ऑर्गनकडे पाठ करून उभं राहतं, त्यामुळे ते दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. आणि अहो, खर्ज कुठे गळला नाही! सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालचे सूर भक्कम. मंडळी रडली, मीही रडले. मला वाटलं, देवाने ऐकलं, पाय बरा होतोय. मी वळून बघितलं तर दादा घामाने निथळत होते आणि हसत होते. मंगळवारी ताप चढला. मग आयसीयू. विष रक्तात पसरलं होतं, पाय काढूनही उपयोग झाला नाही.

दादा गेल्यानंतरच्या एका रविवारी रिबेका ऑर्गनवर बसली. पुण्याहून इथल्या बँकेत नोकरीला आलेली, चांगली शिकलेली मुलगी. दादांचं गीत पहिल्यांदाच वाजवलं आणि मला म्हणाली, "मावशी, गंमतच आहे. यात डाव्या पायाला कामच नाही. सगळा खर्ज उजव्याच्या टप्प्यात आणून बसवलाय. किती डोकं चालवलंय!"

मी मनात महिने मोजले. हे गीत त्यांनी उन्हाळ्यात बांधायला घेतलं होतं... आम्ही त्या टेक्निशियनला शिव्या घालत होतो तेव्हा. तेव्हा जखमही नव्हती. तेव्हा पाय वाचला असता, जीव वाचला असता. आणि या माणसाने खर्ज ऑर्गनचा नाही, आपल्याच पायाचा गळतोय हे ओळखून, दवाखान्याकडे न फिरकता, एका पायाने वाजवता येईल असं गीत बांधलं.

आता दर रविवारी आम्ही ते गातो. रिबेकाचा डावा पाय बाकाच्या दांडीवर निवांत असतो. मला तिकडे बघवत नाही.