देवीमागचा पत्रा

राहनाळच्या केसरीनाथला एक खोड होती. पत्रा कापायला घेतला की आधी कोपऱ्यात खिळ्याने बारीकसा त्रिशूळ कोरायचा. मुंबईच्या एका विमानक्लबात नोकरी लागली तरी ती सुटली नाही. शेजारच्या घरात राहणाऱ्या धाकट्या भावाला, राघोलाही, त्यानेच तिथे हाताखाली लावून घेतलं होतं.

चौऱ्याहत्तर साली क्लबातल्या एका लहान विमानाला नवा रेडिओ बसवायचा होता. विमानाचं अंग कापडाचं. केसरीनाथ बायकोला, आनंदीबाईला, समजावून सांगायचा, "कापडावर नुसती एरियलची काठी उभी करून आवाज लांब जात न्हाय. टाळी एका हातानं वाजते का? काठी एक हात, खालचा पत्रा दुसरा. काठी जेवढी लांब, तेवढा पत्रा तिच्या चारी अंगांना पसरला पायजे." तसा पत्रा त्याने कापला आणि तापाने आडवा झाला. तो बसवून वर कापड चढवायचं काम राघोवर आलं.

जमिनीवर रेडिओ खणखणीत बोलला. पण विमान वज्रेश्वरीच्या डोंगरापलीकडे गेलं आणि वैमानिकाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. नशीब, माणूस सुखरूप परतला. कापड सोडवून पाहिलं, तर पत्रा निम्माच!

"कोणी कापला?" साहेबाने विचारलं.

"दादानं," राघो म्हणाला.

केसरीनाथने परोपरीने सांगितलं, मी पुरा कापला होता. उरलेला निम्मा कुठेच सापडेना. त्याला घरी बसवलं.

नवरात्रात घट राघोकडे बसायचे. यंदा देवीमागे नवी चकचकीत प्रभावळ. आनंदीबाई रोज वात लावायला जाई आणि प्रभावळीचं कौतुक करताना तिचं तोंड थकत नसे. "कुठशी आणलीत, भावजी?"

"आईची किरपा, वयनी!"

अष्टमीला तिने नवऱ्याला ओढूनच आरतीला नेलं. आरती अर्ध्यावर आली आणि केसरीनाथच्या हातातले टाळ थांबले. प्रभावळीच्या कोपऱ्यात त्रिशूळ होता. आनंदीबाईने तो देवीचा म्हणून रोज नमस्कारला होता.

"राघो, माझ्यावर आळ आला तवा तू साहेबासमोर उभा व्हतास."

"देवीसाठीच घेतला ना, दादा? माझी नोकरी नवी हाय. तुला काय, शेती हाय."

केसरीनाथ पत्र्याला हात घालणार, तोच आनंदीबाई आडवी आली. "घट बसलेत. दसऱ्यापर्यंत काय हलवायचं न्हाय. मग साहेबाला दाखवा. आईसमोरची वस्तू कुठं जाते?"

तो थांबला. तिच्या शब्दाखातर थांबला.

दसऱ्याला घट हलले तसे दोघं गेले. देवीमागे उघडी भिंत.

"निर्माल्यासंगं सकाळीच कशेळीच्या खाडीत सोडली," राघो म्हणाला. "देवीची वस्तू घरात ठेवू नये, वयनी. तुमीच सांगता ना?"

वर त्याने आपट्याची पानं काढली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा."

केसरीनाथ कधीच पाठ फिरवून अंगणात उतरला होता. पान आनंदीबाईच्या तळव्यावर पडलं. तिने मूठ मिटली नाही.