बाळाबाईच्या कपाळावरची नागीण

आमचे धाकटे भावजी लालासाहेब पलटणीच्या दवाखान्यात सोळा वर्षं पट्ट्या बांधून अडुसष्ट साली कोरेगावला घरी आले. पेन्शन आली, ट्रंक आली आणि तिथल्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली रोगांची नावं उतरवलेली वहीही आली. त्या वहीनं मला सहा वर्षं छळलंय. कुणाला पडसं झालं तरी हे आधी त्याचं ग्रीक कूळ सांगणार, मग काढा.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी त्यांच्याच बायकोच्या, बाळाबाईच्या, कपाळावर डाव्या अंगाला फोडांची रांग उठली. नागीण. गावातली धोंडुबाई नागीण उतरवते, तिला बोलावलं. तिनं फोडांभोवती गेरूची रेघ ओढली. म्हणाली, "कमरंला आसती तर तोंड-शेपूट जुळायचं भ्या. कपाळाला येढा बसत न्हाई."

भावजी खूश! "साहेब ह्येच सांगायचं, वहिनी. हर्पीस म्हंजी ग्रीकमदी सरपटणं. लॅटिनमदला सर्पेन्स, म्हंजी साप, आन् आपला सर्प एकाच घरचं. फुडं झोस्टर, म्हंजी कमरंचा पट्टा. दोन हजार वर्सांमागं त्यास्नीबी ठावं व्हतं!"

"आवं भावजी, पण तिचा डोळा लाल झालाय!"

"पट्टा कमरंचा. नावात डोळा कुटं हाय?"

पांडुरंगा, अडाणी आणि शिकलेला यांचं एकमत झालं की बाईमाणसानं कुणाकडं बघावं?

गुरुवारी पूजेला बसलो, तर बाळाबाई म्हणाली, "आक्का, समईभवती धूर का वो?" धूर नव्हताच. नाकाच्या शेंड्यावरही फोड आला होता. मी आरती तशीच ठेवली, देव मला क्षमा करो, आणि तिला हाताला धरून सातारच्या एस.टी.त बसवलं. भावजी वही काखेत मारून मागून पळत आले.

डोळ्याचे डॉक्टर भडकले. "दोन दिवस काय करत होता?"

भावजींनी वही उघडली.

"मिटा ती! नाव देणाऱ्यानं कमरेवरची बघितली असेल. ही डोळ्यात शिरलीय."

नजर वाचली, पण बुबुळावर पांढुरका डाग राहिला. आता त्या डोळ्यानं धुरकटच दिसायचं.

दर चार तासांनी भावजीच थेंब घालतात. काल बाटलीवरचं नाव वाचून त्यांनी तोंड उघडलं.

"कूळ नगं," बाळाबाई म्हणाली. "थेंब घाला."

त्यांनी बाटली तिरकी केली. पहिला थेंब गालावरच पडला.