न भाजलेला दगड

खाणीवरच्या टाकीतून दगडातलं सोनं विरघळवून आणणारं सायनाइडचं पाणी उतरलं, पण त्यात सोन्याचा मागमूस नव्हता. आमचा हा गंधकाचा दगड आधी भट्टीत भाजावा लागतो, नाहीतर आतलं सोनं तो विषालाही देत नाही. केमिस्ट म्हणून मी हे मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर हसले होते, "बाई, तुम्ही चहाचं बघा." दगड तसाच टाकीत गेला.

आज तेच घाम पुसत विचारत होते, "मॅडम, काय चुकलं असेल हो?"

मी ढिगातला एक खडा उचलला. वरून नुसता चकचकीत, आणि खरं सोनं पोटात दाबून गप्प बसलेला. तो मला अगदी माहेरचा वाटला.

"चहा आणू, सर?" मी विचारलं.